एकटीचा प्रवास आणि अंगावरचा पोशाख : पर्वतगामी स्त्रियांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना

गिर्यारोहणाच्या पोशाखाचा इतिहास बहुधा कापडाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. टॉमस बर्बेरी या इंग्रज कापड व्यावसायिकाने १८७९ मध्ये घट्ट विणीचे गॅबर्डीन तयार केले. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने फुग्याच्या कापडात पक्ष्यांची मऊ पिसे भरून कोट शिवून घेतला. १९७० च्या दशकात पाणी अडवणारे पण घामाची वाफ बाहेर जाऊ देणारे गोअर-टेक्स बाजारात आले. या क्रमाने सांगितलेली कथा खोटी नाही, परंतु ती पुरुषांच्या मोहिमांची कथा आहे. त्यात वस्त्राला एकाच गोष्टीशी सामना करावयाचा असतो, ती म्हणजे हवामान.

ज्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकात पर्वतांत, रानावनांत, परक्या मुलखांत पती, पिता वा बंधू यांच्या सोबतीशिवाय हिंडल्या, त्यांच्या पोशाखाला मात्र दोन ठिकाणी टिकावे लागे. एक डोंगरावर आणि दुसरे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावात. हिमनदीवर जे वस्त्र सोयीचे, ते गावच्या रस्त्यावर बदनामीस कारण होई. आणि गावात जे शोभे, ते कड्यावर जिवावर बेतू शकत असे. या दोहोंमध्ये प्रत्येकीने आपापला मार्ग काढला. तो मार्ग कोणत्याही दुकानात विकत मिळत नव्हता. प्रस्तुत लेखात अशा काही स्त्रियांच्या पोशाखाचा विचार केला असून त्याच्या अनुषंगाने ‘एकटी’ या शब्दाचा त्या काळातील अर्थही तपासला आहे.

माँ ब्लाँ : १८०८ आणि १८३८

माँ ब्लाँ या सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचलेली पहिली स्त्री मारी पारादी ही होय. शामोनी गावातील ही कष्टकरी तरुणी १८०८ मध्ये स्थानिक वाटाड्यांसोबत वर गेली. चढणीच्या अखेरच्या टप्प्यात ती पार थकली होती आणि वाटाड्यांनी तिला ओढत, प्रसंगी उचलत वर नेले. तिच्या पोशाखाविषयी फारसे कोणी लिहिले नाही. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीने काय घातले, हा प्रश्न त्या काळच्या लेखकांना पडण्याजोगा नव्हता.

तीस वर्षांनंतर, ४ सप्टेंबर १८३८ रोजी, हेन्रिएत दांजव्हिल या फ्रेंच उमराव घराण्यातील अविवाहित स्त्रीने तेच शिखर गाठले, तेव्हा मात्र सारे बदलले होते. दांजव्हिल त्या वेळी चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. निघण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्र केले आणि आपला पोशाख स्वतः आखून शिवून घेतला. चौकड्याच्या लोकरी कापडाची, आतून फ्लॅनेलचे अस्तर लावलेली ढगळ विजार, तीवर लांब अंगरखा, गळ्याभोवती बोआ, फरची टोपी, चेहऱ्यासाठी मखमली मुखवटा आणि बुरखा असा तो सरंजाम होता. तो वजनदार होता, पण निरुपयोगी नव्हता. विजार पाय मोकळे ठेवण्यासाठी होती, तर अंगरखा ती विजार झाकण्यासाठी. एकाच देहावर दोन वेगवेगळ्या गरजांनी घातलेले हे दोन थर म्हणजे पुढील सत्तर वर्षांच्या तडजोडीचा पहिला नमुना म्हणता येईल.

ही तडजोड का करावी लागे, हे समजण्यासाठी एक कायदेशीर तपशील उपयुक्त ठरेल. पॅरिस शहरात १८०० मध्ये निघालेल्या एका फर्मानानुसार स्त्रीला पुरुषी पोशाख करावयाचा झाल्यास पोलिसांची परवानगी घ्यावी लागे. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये यात सवलत मिळाली ती अशी की, स्त्रीच्या हाती घोड्याचा लगाम किंवा सायकलची मूठ असेल तर विजार क्षम्य. हे फर्मान आता लागू नाही, असे अधिकृतपणे जाहीर व्हायला २०१३ साल उजाडले. शामोनीस ते लागू नव्हते हे खरे. तथापि ज्या समाजाने असे फर्मान काढले, त्याच समाजाच्या नजरेखालून दांजव्हिल यांना जावयाचे होते.

शिखरावर वाटाड्यांनी दांजव्हिल यांना खांद्यावर उचलून घेतले, म्हणजे त्या माँ ब्लाँपेक्षाही उंच झाल्या. खाली उतरल्यावर त्यांनी मारी पारादी हिला आवर्जून भोजनास बोलावले. दोघींमध्ये वर्गाचे मोठे अंतर होते. त्या भोजनाने ते मिटले नाही, परंतु पहिली कोण याचा मान दांजव्हिल यांनी राखला, हे नोंदवण्याजोगे आहे.

स्कर्ट : अडचण आणि आवरण

लांब लोकरी स्कर्ट घालून बर्फावर चालणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. त्याचा काठ बर्फात घासत जाई, ओला होई, आणि रात्री गारठला की फळीसारखा ताठ होई. ओल्या लोकरीचे ओझे पावलागणिक वाढे. उतारावर त्याच्या घेराने सैल दगड निसटत आणि दोरावर मागून येणाऱ्यांच्या अंगावर पडत. सगळ्यांत गंभीर बाब म्हणजे चढणारीला स्वतःचे पाऊल दिसत नसे. लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेल्या ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ने स्त्रीच्या आतील वस्त्रांचे वजन सात पौंडांहून अधिक नसावे, अशी मागणी केली होती. सात पौंड ही सुधारकांची मर्यादा होती, यावरून प्रचलित प्रथेचा अंदाज यावा.

तरीही ल्यूसी वॉकर या इंग्रज महिलेने १८७१ मध्ये मॅटरहॉर्नवर पाऊल ठेवले ते स्कर्ट घालूनच. मॅटरहॉर्नवर जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. स्कर्टमुळे चढाई अशक्य होती असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. चढाई होत असे, पण तिची किंमत अधिक पडे.

एलिझाबेथ ल ब्लाँ यांचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. १८६० मध्ये जन्मलेल्या या आंग्ल-आयरिश जमीनदार घराण्यातील स्त्रीला प्रकृतीच्या कारणास्तव आल्प्समध्ये पाठवण्यात आले आणि त्या तेथे गिर्यारोहक बनल्या. डोंगरात येईपर्यंत आपले बूट आपण स्वतः कधी चढवले नव्हते, ते काम दासी करी, असे त्यांनी आठवणींत नमूद केले आहे. त्यांची पद्धत ठरलेली होती. गावातून निघताना स्कर्ट, त्याखाली विजार. गाव दृष्टिआड झाले की स्कर्ट काढून वाटाड्याच्या पिशवीत किंवा एखाद्या दगडाखाली. परतताना गावाच्या अलीकडे तो पुन्हा अंगावर. एकदा झिनालरोटहॉर्न शिखराच्या एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरताना स्कर्ट वरच राहिला आणि तो आणण्यासाठी त्यांना पुन्हा वर जावे लागले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. ती नेहमी विनोद म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात चार हजार मीटरहून उंच शिखरावर थकलेल्या अवस्थेत दुसऱ्यांदा जाणे हा जिवाचा धोका होता, आणि तो धोका स्कर्टशिवाय हॉटेलच्या दारात उभे राहण्यापेक्षा कमी वाटला, ही त्यातील हसण्यासारखी नसलेली बाजू आहे. लंडनमधील त्यांच्या एका वृद्ध नातलग स्त्रीने तर मुलीचे डोंगर चढणे थांबवा, साऱ्या शहरात बोभाटा होतो आहे, असे त्यांच्या आईला कळवले होते. पुढे १९०७ मध्ये ‘लेडीज अल्पाइन क्लब’ स्थापन झाला तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्षा ल ब्लाँ होत्या. १८५७ साली स्थापन झालेल्या मूळ अल्पाइन क्लबने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९७० च्या दशकाच्या मध्यास.

इझाबेला बर्ड आणि एक वृत्तपत्रीय वाद

आल्प्सपासून दूर, अमेरिकेच्या रॉकी पर्वतात १८७३ च्या शरद ऋतूत इझाबेला बर्ड ही इंग्रज स्त्री घोड्यावरून एकटी फिरत होती. पाठीच्या जुन्या दुखण्याने त्या घरी अंथरुणाला खिळलेल्या असत. दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसावयाच्या स्त्रियांच्या खोगिराने ते दुखणे अधिकच वाढे. त्याच वर्षी हवाई बेटांवर तेथील स्त्रिया पुरुषांप्रमाणे मांड टाकून घोड्यावर बसतात हे त्यांनी पाहिले, तसा प्रयोग केला आणि दुखणे सुसह्य झाले. त्यासाठी लागणारा पोशाखही त्यांनी तेथूनच घेतला. सैलसर जाकीट, घोट्यापर्यंत येणारा स्कर्ट, आणि त्याखाली बुटांवर झालरीसारखी पडणारी ढगळ तुर्की विजार. हा पोशाख युरोपीय बुद्धीची निर्मिती नव्हता, ही गोष्ट पोशाख-सुधारणेच्या इतिहासात बऱ्याचदा गळून जाते.

कोलोरॅडोत बर्ड यांनी शेकडो मैल प्रवास केला. वस्ती जवळ आली की त्या पुन्हा एका बाजूला पाय सोडून बसत. लॉन्ग्ज पीक या ४,३०० मीटरहून उंच शिखरावर त्या गेल्या तेव्हा पायांत दुसऱ्याचे उसने, मोठाले बूट होते आणि ते खडकावर घसरत होते. वाटेत एका दगडाखाली त्यांना लहान मापाच्या जोड्यांवरून चढवायच्या पादत्राणांचा जोड सापडला. आधी येऊन गेलेल्या हेडन यांच्या सर्वेक्षण तुकडीचा तो असावा असा त्यांचा तर्क होता. तो जोड तो दिवसभर कसाबसा टिकला. ज्या प्रदेशात स्त्रीच्या मापाचा डोंगरी बूट मिळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे तो दगडाखाली सापडणे, त्या प्रदेशातील पोशाखाच्या बाजारपेठेविषयी अधिक काही सांगण्याची गरज नाही.

१८७९ मध्ये त्यांची या प्रवासाची पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि लंडनच्या ‘टाइम्स’ने लेखिकेने पुरुषी वेष केल्याचा उल्लेख केला. बर्ड संतापल्या. पुढील आवृत्तीत त्यांनी आपल्या पोशाखाचे वर्णन करणारी टीप घातली आणि सोबत चित्रही दिले; हा पोशाख पूर्णतः स्त्रियांचा आहे हे सिद्ध करण्यासाठी. विजारीचा हक्क त्यांनी मागितला नाही, ती विजार नव्हेच असे म्हटले. आजच्या वाचकाला हा बचाव भित्रा वाटेल. परंतु ज्या स्त्रीची उपजीविका आणि पुढील प्रवास तिच्या सभ्यपणाच्या ख्यातीवर अवलंबून होते, तिच्यापुढे अन्य पर्याय फारसा नव्हता.

मेरी किंग्जले यांची भूमिका याहून वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. आईवडिलांची शुश्रूषा करण्यात तारुण्य गेलेल्या या स्त्रीने त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ आणि १८९५ मध्ये पश्चिम आफ्रिकेचा प्रवास केला, तो काळा, जाड, घोळदार स्कर्ट घालूनच. आजच्या गॅबॉनच्या अरण्यात त्या शिकारीसाठी खणलेल्या, तळाशी अणकुचीदार खुंट रोवलेल्या खड्ड्यात पडल्या. पुरुषी वेष करण्याचा सल्ला मानला असता तर खुंट अंगात घुसले असते. जाड स्कर्ट खाली दुमडला गेला आणि त्या वाचल्या, असे त्यांनी १८९७ च्या आपल्या प्रवासग्रंथात मिश्कीलपणे लिहिले. या प्रसंगाने सोय म्हणजे विजार आणि अडचण म्हणजे स्कर्ट हे सोपे समीकरण मोडते. काटेरी झुडपे, जळवा, डास यांच्या मुलखात जाड कापडाचे अनेक थर हेच उपयुक्त वस्त्र ठरते. उपयुक्तता ही वस्त्रात नसते, ते वस्त्र कोठे नेले जाते त्यावर ठरते.

‘एकटी’ कोणास म्हणावे?

या सर्व स्त्रियांचे वर्णन त्यांच्या समकालीनांनी ‘एकट्या’ असे केले. ते कितपत खरे होते? दांजव्हिल यांच्यासोबत सहा वाटाडे आणि सहा हमाल होते. ल ब्लाँ यांच्यासोबत वाटाडे असत. किंग्जले यांना फांग आणि इतर आफ्रिकी सोबत्यांनी नदी, दलदल आणि अरण्य पार करून नेले. तरीही प्रत्येक वेळी शब्द ‘एकटी’ हाच वापरला गेला. त्याचा अर्थ, आपल्या वर्गाचा व वर्णाचा पुरुष सोबत नसलेली स्त्री, एवढाच होता. वाटाड्या आणि हमाल मोजणीत येत नव्हते. स्त्रीच्या स्वातंत्र्याचा हा इतिहास लिहिताना त्या स्वातंत्र्याचे गाठोडे कोणाच्या पाठीवर होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरीकडे, ज्ञानसंस्थांनी या स्त्रियांना दिलेली वागणूकही पाहावी लागते. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९२ मध्ये काही स्त्रियांना फेलो करून घेतले. त्यांत बर्ड होत्या. लगेचच वाद उसळला, १८९३ नंतर ही दारे बंद झाली आणि ती पुन्हा उघडली १९१३ मध्ये. विरोध करणाऱ्यांत अग्रभागी होते जॉर्ज कर्झन, तेच पुढे भारताचे व्हाइसरॉय झालेले. योगायोग असा की १९१३ मध्ये दार उघडले तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षपदी कर्झन हेच होते, आणि या वेळी त्यांनी प्रवेशाच्या बाजूने मत दिले. अशा वळणांना इतिहासात कधीकधी तत्त्वापेक्षा संस्थेची आर्थिक गरज अधिक कारणीभूत असते.

नऊवारीचा दाखला

पाय मोकळे ठेवणारे स्त्रीवस्त्र ही कल्पना सर्वत्र नवी नव्हती. महाराष्ट्रात काष्टा घालून नेसलेली नऊवारी शेतात लावणी करताना, डोक्यावर ओझे घेऊन घाट चढताना, किनाऱ्यावर मासळीच्या टोपल्या वाहताना शतकानुशतके वापरात होती. दोन पायांची वेगळी हालचाल हा जो प्रश्न आल्प्समध्ये नीतीचा झाला, तो येथे नेसण्याच्या पद्धतीतच सुटलेला होता. मात्र तेवढ्यावरून समाधान मानणे योग्य नव्हे. वस्त्राने पाय मोकळे केले म्हणून वाट मोकळी होत नाही.

आनंदीबाई जोशी यांचा दाखला येथे लागू पडतो. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या पतीशिवाय कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. बोटीवर ओळखीच्या मिशनरी स्त्रिया होत्या, परंतु आप्त कोणी नव्हते. हा काही गिर्यारोहणाचा प्रवास नव्हे. तथापि एकटी स्त्री, परके हवामान आणि लोकांची नजर हे तिन्ही घटक त्यात आहेत. अमेरिकेच्या थंडीत नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात, ही अडचण होती. पाश्चात्त्य झगा स्वीकारला तर धर्म आणि देश सोडल्याचा आरोप मायदेशी ठेवलेलाच. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मधला मार्ग धरला, त्यामुळे पाय झाकले गेले आणि साडीही राहिली. ल ब्लाँ यांचा दगडाखालचा स्कर्ट, बर्ड यांची स्कर्टखालची विजार आणि आनंदीबाईंची गुजराती साडी यांच्या परिस्थितीत मोठे अंतर आहे, पण प्रत्येकीपुढे दोन हवामाने होती. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवी घेऊन आनंदीबाई परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात निवर्तल्या. क्षयाने पोखरलेल्या त्या देहाला कोणत्या वस्त्राने किती राखले असते, याची चर्चा आता व्यर्थ आहे.

ॲनी पेक : न झाकलेली विजार

झाकण्याची ही प्रथा उघडपणे मोडण्याचे श्रेय ॲनी स्मिथ पेक या अमेरिकन विदुषीस द्यावे लागेल. अभिजात भाषांच्या अध्यापिका असलेल्या पेक १८९५ मध्ये मॅटरहॉर्नवर गेल्या. त्यांच्यापूर्वीही स्त्रिया तेथे पोहोचल्या होत्या, तरी वृत्तपत्रांत गाजल्या त्या पेक. कारण त्यांच्या अंगावर गुडघ्याखाली आवळलेली विजार व आखूड अंगरखा होता, आणि वरून स्कर्ट नव्हता. या पोशाखातील त्यांचे छायाचित्र पुढे एका शिवणयंत्राच्या कंपनीने जाहिरातीसाठी वापरले. जे वस्त्र पाहून वृत्तपत्रे हादरली, ते घरोघरी शिवता येईल असे सुचवणारी ही जाहिरात होती. व्यापाराची जाण नीतीच्या जाणिवेपेक्षा कितीतरी वेगवान असते.

१९०८ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पेक यांनी पेरू देशातील उआस्करानचे उत्तर शिखर गाठले. थंडीसाठी त्यांनी बराच विचार केला होता. लोकरीच्या कपड्यांचे अनेक थर, आणि चेहऱ्यासाठी विणलेला लोकरी मुखवटा. तो बाजारातून घेतलेला असल्याने त्यावर मिशी रंगवलेली होती. स्त्रीच्या चेहऱ्यासाठी मुखवटा कोणी विणत नव्हते, म्हणून जगातील एक अत्यंत अवघड शिखर त्या मिशीसह सर करण्यात आले. या चढाईत त्यांचा एक हातमोजा वाटाड्याच्या हातून निसटून वाऱ्याने उडाला. परंतु खरी किंमत मोजली ती त्यांचा स्विस वाटाड्या रुडॉल्फ टाउगवाल्डर याने. हिमदंशाने त्याला हाताचा आणि पायाचा काही भाग गमवावा लागला. पेक यांच्या धैर्याचे गोडवे गाताना हा हात आणि हा पाय ध्यानात असावा.

अखेरीस खरोखरच एकटी

वाटाड्या नाही, हमाल नाही, सोबती नाही, अशा शब्दशः अर्थाने एकट्या निघालेल्या स्त्रीचे ठळक उदाहरण त्यानंतर बऱ्याच काळाने येते. एमा गेटवुड या ओहायो राज्यातील शेतकरी स्त्री. अकरा मुलांची आई, अनेक वर्षे पतीची बेदम मारहाण सोसून १९४० च्या दशकाच्या प्रारंभी घटस्फोट घेतलेली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या १९४९ च्या एका अंकात त्यांनी ॲपलेशियन ट्रेलविषयी वाचले. जॉर्जियापासून मेनपर्यंत डोंगररांगांतून जाणारी ही पायवाट त्या काळी सुमारे २,०५० मैलांची होती. १९५४ मधील पहिला प्रयत्न मेनच्या रानात वाट चुकून आणि चष्मा फुटून संपला. ३ मे १९५५ रोजी, सदुसष्टाव्या वर्षी, त्या दक्षिण टोकापासून पुन्हा निघाल्या आणि २५ सप्टेंबर रोजी कटाडिन शिखरावर पोहोचल्या. एकटीने, एकाच हंगामात ही वाट पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

त्यांचे सामान पाहण्याजोगे आहे. पायांत साधे कॅनव्हासचे बूट, ज्यांचे अनेक जोड वाटेत झिजले. पाठीवरची सॅक नाही, तर घरी डेनिमची शिवलेली, खांद्यावर टाकायची पिशवी. तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. एक लष्करी कांबळे, एक रेनकोट. एकूण ओझे क्वचितच वीस पौंडांच्या वर गेले. त्या काळी गिर्यारोहणाच्या दुकानांत पुष्कळ काही मिळत होते, परंतु त्यांतील काहीही गेटवुड यांनी घेतले नाही. पिशवी शिवताना त्यांना काय हवे होते ते त्या नेमके जाणत होत्या : अनेक वर्षे मळ्यात राबलेल्या देहाला कशाची गरज असते आणि कशाची नसते.

१९५५ मध्ये वाटेवर भेटलेल्या बातमीदारांना त्यांच्या विजारीत विशेष रस नव्हता. तो वाद संपला होता. त्यांचा प्रश्न वेगळा होता : या वयाची बाई एकटी का चालली आहे? काही घरांनी त्यांना जेवू घातले, काहींनी दारातूनच परतवले. पोशाखावरची नजर आता एकटेपणावर स्थिरावली होती. गेटवुड यांनी निघताना घरच्यांना एवढेच सांगितले होते की आपण चालायला जात आहोत. कोठे आणि किती, हे मुलांना पुढे कळले ते वाटेतून टाकलेल्या पोस्टकार्डावरून. तोवर त्या आठशे मैल चालून गेल्या होत्या.